मान ताठ होईपर्यंत

३ मे

आज हिची लेन्स कपाटातून खाली काढली. हिच्या मंडळातले लोक तिला ‘तोफ’ म्हणतात. तो शब्द मला कधीच आवडला नाही. परंतु दोन्ही हातांनी उचलावी लागली तेव्हा तो अगदीच अयोग्य वाटला नाही. जानेवारीत ही गेली, तेव्हापासून तोफ तिच्या पेटीतच होती. पेटीत हिच्या पिवळ्या टोपीचा बंद सापडला. तो तसाच ठेवला.

कारण असे घडले की, सकाळी पक्षिमंडळाचे सेक्रेटरी घरी आले. मंडळात प्रत्येकाला पक्ष्याचे नाव देण्याची प्रथा आहे. सेक्रेटरी उंच आणि वाकलेले, म्हणून ‘ढोक’. ही लहानखुरी, आणि बोलता बोलता दिसेनाशी होणारी, म्हणून ‘टिबुकली’, त्या बुड्या मारणाऱ्या चिमुकल्या पाणपक्ष्यावरून. मी त्यांना सेक्रेटरीसाहेबच म्हणतो.

“भिंत आखून झाली,” ते म्हणाले. “वीस जूनला वहिनींचा वाढदिवस, त्याच दिवशी प्रदर्शन उघडायचं. सगळे फोटो त्यांचेच. मधोमध एक जागा तेवढी मोकळी आहे.”

“ती कशासाठी?”

“पाठीवर पिल्लू घेतलेली टिबुकली. किती उन्हाळे त्या एका फोटोसाठी तळ्यावर बसल्या, तुम्हाला माहीतच आहे. नाही मिळाला. तुमची हरकत नसेल, तर माझा एक आहे, तो लावतो.”

“तुमचा लावण्याची आवश्यकता नाही. मी काढीन.”

ते हसले. “अहो, पक्षी आहेत ते. तुमच्या कारखान्यातल्या बाटल्या जागच्या हलत तरी नव्हत्या!”

मी बाटल्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षे गुणवत्ता तपासनीस होतो. बाटली दिव्यासमोर धरायची, काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला की बाजूला काढायची. हे काम नजरेचे आहे आणि छायाचित्रणही नजरेचेच आहे. तसे मी त्यांना सांगितले.

जाताना त्यांनी दाराशी लावण्यासाठी हिचा एखादा अलीकडचा फोटो मागितला. पाच वर्षांपूर्वीचा, डोंगरावरचा, दिला. नंतरचे नाहीत. आजारपणात मी काही काढले होते, परंतु त्यांत डोळे नीट उघडलेले नसत. असे फोटो ठेवण्यात अर्थ नसतो.

५ मे

तळ्यावर गेलो. गावाच्या कडेला जुने पाणीपुरवठ्याचे तळे आहे. आता त्याचे पाणी फक्त बागांना जाते. यंदाच्या उन्हाने पाणी बरेच आत सरकले आहे आणि काठाला रुंद चिखलपट्टा उघडा पडला आहे. लव्हाळ्याशेजारी हिचे लपण अजून उभे आहे: चार दांडे, वर हिरवे कापड, समोर लेन्सच्या तोंडापुरती फट.

लपणापासून पाण्याच्या दिशेने हिने खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. पांढरी खुंटी लपणापासून थोड्या अंतरावर, लाल खुंटी तिच्याही पुढे, अगदी पाण्याजवळ. पक्षी उडून न जाता आपल्याला किती जवळ येऊ देतात, याची ती खूण. पांढऱ्यापर्यंत ही अनेकदा गेली. लालपर्यंत एकदाच.

नवख्यांना ही जो नियम सांगत असे तो मला पाठ आहे. “पक्ष्यानं मान ताठ केली, की थांबायचं. मान सैल पडली, की एक पाऊल. पुन्हा ताठ झाली, पुन्हा थांबायचं.”

मी नियम पाळला. पांढरी खुंटी दूरच राहिली. लपणातून पाय बाहेर टाकताच झाडून साऱ्या माना वर झाल्या, आणि दुसऱ्या क्षणी तळे रिकामे. पंपघरातला माणूस दारात बसून पाहत होता.

“बाईसाहेबांना नाही असं टाकून जायचे,” तो म्हणाला.

मी तोफ पेटीत भरली.

९ मे

दररोज जातो. सायंकाळी जेवणाच्या टेबलावर कॅमेरा ठेवून दिवसभराचे फोटो तपासतो. बहुतेक नापास. येथे हिचा दुसरा नियम लागू होतो: डोळा नाही, तर फोटो नाही. पक्ष्याचा डोळा स्वच्छ, उघडा आणि धारदार हवा. बाकी कितीही सुंदर असले तरी डोळ्यात दोष असेल तर काढून टाकायचे. मी लगेच काढून टाकतो. नापास माल ठेवला की तो कधीतरी चांगल्यात मिसळतो, हा कारखान्यातला अनुभव आहे.

तोफेचा एक स्वभाव लक्षात आला. तिला पाच-सहा पावलांच्या आतले काही दिसत नाही. ही मला चिडवत असे: “लांबचं सगळं लख्ख, नाकासमोरचं धूसर. तुमचीच सख्खी बहीण!”

घरात अलीकडे आवाज होत नाही. नळ गळत होता, तोही दुरुस्त करून घेतला. आता वाटते, राहू द्यायला हवा होता.

१५ मे

प्रगती आहे. चांदवे, म्हणजे ते काळे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी, आज मी लपणाबाहेर आल्यावरही उडाले नाहीत. दोघांनी मान उचलली, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मी पांढऱ्या खुंटीपाशी पोहोचलो आणि तेथे उभा राहिलो.

संध्याकाळी सेक्रेटरींचा दूरध्वनी. “काय म्हणतंय तळं? रविवारी मंडळाची सहल न्यावी म्हणतो.”

“तळ्यावर यंदा विशेष काही नाही,” मी सांगितले. “पाणी उतरले आहे. चिखलच फार.”

“बदकं?”

“नगण्य.”

“मग वरच्या धरणाकडे नेतो सगळ्यांना. तुम्ही येता?”

मी नकार दिला. नेमके सांगायचे तर पाणी उतरले आहे हे खरेच आहे, चिखलही आहे. वीस माणसे रंगीत छत्र्या घेऊन आली असती, तर इतक्या दिवसांची ओळख एका सकाळीत मोडली असती. हिनेही कधी कोणाला बरोबर नेले नाही.

२१ मे

टिबुकलीचे घरटे सापडले. लव्हाळ्याला अडकवलेला ओल्या पाल्याचा तरंगता ढीग. मादी उठून जाताना अंडी पाल्याने झाकते. पाहणाऱ्याला तेथे केरकचऱ्याशिवाय काही दिसू नये. लेन्समधून मी तिला हे करताना पाहिले. चोचीने एकेक पान ओढून, मागे वळून पाहत, पुन्हा एक पान. ही घराबाहेर पडताना शेगडी बंद आहे का हे पाहण्यासाठी अशीच दोनदा परत येत असे.

पिल्ले बाहेर येतील तेव्हा ती आईच्या पाठीवर चढतील. मला तेवढेच हवे आहे.

एक तांत्रिक अडचण मात्र वाढली आहे. पुष्कळ फोटोंत पक्ष्याच्या डोळ्यावर पांढुरका पडदा येतो. पक्ष्यांना तिसरी पापणी असते. ती लवण्याच्या नेमक्या क्षणी मी बटण दाबतो आहे, असे दिसते. बोटाचा वेग कमी पडत असावा. वयाचा परिणाम. आज जवळजवळ सारेच फोटो काढून टाकावे लागले.

२७ मे

मुलीचा दूरध्वनी. ती दर आठवड्याला करते आणि दर वेळी तेच विचारते.

“जेवलात का?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

“अन्न.”

“बाबा!”

मग मी तिला तळ्याविषयी सांगितले. चांदवे आता मान उचलत नाहीत. बदके काठावर बसल्या जागी झोपतात, मी शेजारून गेलो तरी डोळा उघडत नाहीत. पंपघरातला माणूससुद्धा काल म्हणाला, “साहेब, मानलं तुम्हाला. घरचं पाळलेलं बदक एवढं विश्वासानं बसत नाही!”

मुलीने विचारले, “आईला ते असं कधी जवळ येऊ द्यायचे का?”

“हिला इतका वेळ मिळाला नाही.”

“आईनं दहा उन्हाळे काढले तिथे, बाबा.”

विषय बदलला. परंतु रिसीव्हर ठेवल्यावर मला मागच्या हिवाळ्याची आठवण झाली. आयुष्यभर हिने मला स्वतःसाठी काही करू दिले नाही. चहाचा कपसुद्धा माझ्या हातून घेताना, “ठेवा तिकडे, घेईन मी,” असे म्हणत असे. शेवटी शेवटी मात्र हा ताठा ओसरला. मी कप ओठांना लावला की ही निमूट पीत असे, मानेखाली माझा हात असे आणि डोळे अर्धवट मिटलेले. एवढा विसावा हिने माझ्याजवळ पूर्वी कधी घेतला नव्हता. त्या दिवसांत घर किती शांत होते.

पक्ष्यांविषयी मला जे समजले, ते बहुधा तेथूनच समजले असावे. घाई न करणाऱ्याजवळ जीव निवांत होतो.

३० मे

एक फोटो उत्तीर्ण झाला. एकटा चांदवा, डोळा माणकासारखा लाल आणि स्वच्छ. मागचे पाणी पूर्ण पुसट, आणि त्या पुसट हिरव्यात ठिकठिकाणी पांढरे मऊ गोल, मोत्यांसारखे. तोफेचा हा गुण विख्यात आहे: मागे काय आहे ते ओळखू येत नाही, नुसते सौंदर्य उरते.

स्टुडिओत मोठी प्रत काढून घेतली. स्टुडिओवाला प्रत उजेडात धरून म्हणाला, “वा! पाण्यावर मोती सांडलेत की हो. कसले आहेत?”

“प्रकाशाचे,” मी म्हणालो.

आज लिहिताना वाटते की फोटो काढला त्या दिवशी आभाळ ढगाळ होते.

३ जून

उष्मा असह्य आहे. वारा नाही. पाण्यावर हिरवी साय धरली आहे आणि चिखलाला वास येऊ लागला आहे. नाकाला रुमाल बांधून बसतो. माशा फार. समोरच्या काठावर कावळे जमतात. पहिल्यांदा एखाददुसरा होता, आता पलीकडचा बांध काळा दिसतो. ते ओरडत नाहीत. खाली उतरतात, काही वेळाने पुन्हा बांधावर बसतात. लेन्स तिकडे वळवण्याचा विचार केला होता. परंतु कावळा हा माझा विषय नाही.

चांदव्यांचा एक नवा खेळ पाहिला. पाय न मारता दोन्ही पंख पाण्यावर आपटत ते पुढे सरकतात, वल्हे मारल्यासारखे. पंपघरातल्या माणसाला दाखवले.

“सलाम करतात तुम्हाला,” तो म्हणाला. मग नाक मुरडून: “वास मात्र लई सुटलाय, साहेब. पाणी सोडा म्हणून वर कळवायला पाहिजे.”

“आत्ता नको. वीस तारखेनंतर,” मी म्हणालो. पाणी चढले तर घरटे हलेल.

तो म्हणाला, “तुमच्यासाठी थांबतो.”

६ जून

पिल्ले बाहेर आली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अंगठ्याएवढी. त्यांचा आवाज इतका बारीक आहे की श्वास रोखल्याशिवाय ऐकू येत नाही.

आज मी लाल खुंटी ओलांडली.

थांबण्याचे कारणच नव्हते. एकही मान ताठ झाली नाही. घोट्यापर्यंत पाण्यात ट्रायपॉड रोवला आणि मागे वळून पाहिले तेव्हा हिची लाल खुंटी माझ्या मागे होती. आनंद झाला, असे लिहायला हवे. खरे म्हणजे मला चमत्कारिक वाटले, ही काठावर उभी राहून मला काहीतरी ओरडून सांगते आहे आणि तोफेच्या मागे असल्यामुळे मला ते ऐकू येत नाही, असे. उन्हाचा परिणाम. उद्यापासून टोपी घालीन.

८ जून

कपडे अजून ओले आहेत. आज लिहिणे शक्य नाही.

९ जून

काल काय झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी फोटो मिळाला. टिबुकली लव्हाळ्यातून बाहेर आली, पाठीवर पिल्लू, पिसांतून बाहेर काढलेले त्याचे पट्टेदार डोके. मी लागोपाठ बटण दाबत राहिलो. दहा उन्हाळे ज्याची वाट पाहिली गेली ते माझ्यासमोर होते, आणि मला रडू आले.

दुपारी मुलगी न कळवता आली. दारातच म्हणाली, “कसला वास येतोय तुमच्या बुटांना?” मग भिंतीला टेकवलेली चांदव्याची मोठी प्रत पाहिली. पाणी पिऊन ती माझ्याशेजारी टेबलाशी बसली. मी सकाळचे फोटो तपासत होतो. पडदा आलेले एकेक काढून टाकत होतो.

“थांबा. तो परत दाखवा.”

“तो गेला. पुढचा पाहा.”

“गेला म्हणजे?”

“डोळ्यावर पडदा होता. नापास.”

“आणि हा?”

“यातही आहे. माझ्या हाताचा दोष. पापणी लवते त्याच वेळी...”

“प्रत्येक वेळी? बाबा, प्रत्येक फोटोत एकाच वेळी पापणी लवते?” तिने माझे बोट बटणावरून उचलले. असे तिने लहानपणीसुद्धा कधी केले नव्हते. “ही मान बघा. पाण्याला टेकलीय.”

“ती विश्रांती घेते आहे. माझी सवय झाली आहे तिला.”

मग तिने चांदव्याची प्रत ओढून घेतली आणि मागच्या एका पांढऱ्या गोलावर नख ठेवले. “हे काय आहे?”

“पार्श्वभूमी.”

“काय आहे, बाबा?”

‘प्रकाश’ म्हणणार होतो. त्या दिवशी ऊन नव्हते.

“पक्ष्यांची पोटं आहेत ही,” ती म्हणाली. “उलटी झालेली.”

मी म्हणालो की असा निष्कर्ष पुराव्याशिवाय काढता येत नाही. पक्षी माझ्याजवळ निवांत असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्याला घाई नसते त्याच्याजवळ जीव निवांत होतो. हिच्याही बाबतीत शेवटी तसेच झाले होते, स्वभावातला ताठा गेला होता, ती ऐकू लागली होती.

मुलगी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

“आई ऐकायला लागली नव्हती, बाबा. तिच्याच्यानं होत नव्हतं.”

तळ्यावर जाण्यासाठी ती दाराकडे निघाली. मी म्हणालो की आता गेलो तर उजेड पुरेसा मिळणार नाही.

“उजेड फोटोला लागतो,” ती म्हणाली. “चला.”

तळ्यावर ती काठाशी थांबली आणि नाकाला ओढणी लावली. मी सवयीने तोफ खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलो. लाल खुंटीच्या पुढे, गुडघाभर पाण्यात. टिबुकली माझ्याच दिशेने वाहत येत होती. पाठीवर पिल्लू नव्हते. मी लेन्स तिच्यावर धरली आणि ती दिसेना. लेन्सचे यंत्र घरघरत पुढे-मागे होत होते. चौकटीत नुसता करडा धूर. मला वाटले, बिघडली. मी पुन्हा बटण दाबले, पुन्हा घरघर. मग लक्षात आले की ती पाच पावलांच्या आत आली आहे.

तोफ ट्रायपॉडसकट कलंडू दिली. ती पाण्यात गेल्याचा आवाज आला, मुलगी ओरडली, “बाबा, लेन्स!”

नुसत्या डोळ्यांनी मी त्या पक्ष्याकडे पहिल्यांदाच पाहिले. ती माझ्या गुडघ्याला लागली होती. डोळा दुधाळ. मान पाण्यात पडलेली, चोच बुडालेली. ती श्वासासाठी डोके वर काढी आणि ते पुन्हा पडे, वर काढी आणि पडे. मी खाली बसलो. पाणी कमरेपर्यंत आले. दोन बोटे तिच्या हनुवटीखाली घातली आणि डोके पाण्याबाहेर धरले. त्याला किती जोर लागतो हे माझ्या हाताला माहीत होते.

“तशीच धरा,” मुलगी म्हणाली. ती दूरध्वनी कानाला लावून कोणाकोणाला पत्ता सांगत होती. “हलू नका. तशीच धरून ठेवा.”

मी धरून ठेवली. सभोवती पाहण्याची सक्तीच झाली. लव्हाळ्यात, सायीखाली, माझ्या लपणाच्या पायथ्याशी. मी ज्यांना झोपलेले समजत होतो त्यांच्यावर माशा होत्या.

१० जून

जनावरांच्या डॉक्टर तरुण आहेत आणि भराभर बोलतात. परवा त्यांनी मला आधी हातमोजे घालायला लावले, मग टिबुकली माझ्या हातातून घेतली, मानेखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि नळीने तिला स्वच्छ पाणी पाजले.

“विषबाधा आहे,” आज तळ्यावर त्या म्हणाल्या. “पाणी तापतं, तळाचा चिखल कुजतो, त्यात हे विष तयार होतं. आधी उडता येत नाही, मग पाय जातात, मग पापणी, शेवटी मान. मेलेल्यांवर अळ्या पडतात, त्या जिवंत पक्षी खातात, की तेही पडतात. मेलेले वेळेवर उचलले असते, आणि पाणी सोडलं असतं, तर एवढं झालं नसतं. पहिल्यांदा कधी दिसलं हे?”

मी सांगितले की मे महिन्याच्या मध्यापासून पक्षी माना उचलत नव्हते.

“त्या वेळचे फोटो असतील ना? डोळ्यांचे? किती दिवसांत किती पसरलं ते कळेल.”

“नाहीत.”

“महिनाभर रोज काढत होतात ना तुम्ही?”

“डोळे स्वच्छ असलेले आहेत. तेवढेच.”

त्यांनी वहीतून वर पाहिले, मग सेक्रेटरींकडे वळल्या. मंडळाचे लोक रबरी बूट घालून काठावर जमले होते. “आणि तुमच्यापैकी कुणीच फिरकलं नाही इकडे? एवढे पक्षिमित्र तुम्ही?”

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले नाही. “आम्हाला कळलं होतं,” ते हळू म्हणाले, “की तळ्यावर यंदा काही नाही.”

मग ते वाकले आणि लव्हाळ्यातून एक बदक पायांना धरून बाहेर काढले.

पाण्याचे विचारले गेले तेव्हा पंपघरातला माणूस माझ्याकडे बोट दाखवू शकला असता. त्याने दाखवले नाही. “उशीर झाला माझ्याकडून,” म्हणाला. मला तेथेच सांगता आले असते. मी हातमोज्यांची बोटे सरळ करत राहिलो. संध्याकाळी डॉक्टरांना दूरध्वनी करून खरे काय ते सांगितले. त्यांनी फक्त “बरं” म्हटले.

१४ जून

दररोज पोती भरतो. पिशवीभर हलके काहीतरी उचलून पुढच्या माणसाकडे द्यायचे, एवढेच काम. मंडळातले लोक माझ्याशी नीट बोलतात. पूर्वी ते माझ्या माघारी हसत; आता हसत नाहीत.

पिल्ले सापडली नाहीत. ज्या अर्थी मिळाली नाहीत, त्या अर्थी कावळ्यांनी नेली असावीत. पलीकडचा बांध अजून काळाच आहे.

आणलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पक्षी डॉक्टरांच्या मागच्या खोलीत मेले. टिबुकली अजून टॉवेलवर आहे. डोळा मिटलेलाच.

१७ जून

प्रदर्शन होणार आहे. सेक्रेटरींनी आपला फोटो मधल्या जागी लावू का, असे पुन्हा विचारले नाही. जागा मोकळी राहील.

मुलगी आईचा फोटो शोधत होती. डोंगरावरचा तिला नको आहे. “हा खूप आधीचा आहे. शेवटच्या हिवाळ्यातले कुठे ठेवलेत? तुम्ही काढायचात ना खिडकीपाशी, रोज?”

“काढत असे.”

“मग?”

मी तिला कपाट दाखवले, पेटी दाखवली, संगणकही लावून दिला. तिने सारे पाहिले. बराच वेळ पाहिले. नंतर ती आत जाऊन दोघांसाठी चहा करून आली आणि माझा कप माझ्या हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवला.

२० जून

सकाळी प्रदर्शनाला जाण्यापूर्वी डॉक्टरांकडे गेलो. तोफ दुरुस्तीला दिलेली नाही. तिच्या आत पाणी गेले आहे आणि काच आतून धूसर झाली आहे. मी रिकाम्या हाताने गेलो होतो.

मागच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. खोलीत उथळ पाण्याच्या टबांची रांग, पुष्कळसे रिकामे. शेवटच्या टबात टिबुकली होती. टॉवेल काढून घेतलेला होता आणि ती पाण्यावर बसली होती.

मी दारातून एक पाऊल आत टाकले. डोळा उघडला. काळाभोर, ओला, माझ्यावर रोखलेला.

तिने मान ताठ केली.

मी थांबलो.